विहिरीत पोहणाऱ्यांनी स्कूबा शिकताना

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या आमच्या भागात पोहणाऱ्यांची कमी नाही. मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून सुरुवात होते, मग डबा सुटतो, मग मुटके आणि सुळक्या, आणि शेवटी बुडी मारून तळाचा चिखल मुठीत घेऊन वर येण्याची पैज. ज्याचा दम मोठा तो पोहणारा मोठा. मीही असाच शिकलो. आता यातली बरीच मुलं मालवणला किंवा मुरुडेश्वरला जाऊन अर्ध्या तासाचं स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, करून येतात, फोटो दाखवतात आणि विचारतात, "पुढं काय? नीट शिकायचं तर कुठं जायचं?" मी तो कोर्स अंदमानात स्वराज द्वीपला केला. ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि पहिली गोष्ट दमाचीच सांगतो.

स्कूबामध्ये दम धरायचा नसतो. कधीच नाही.

विहिरीत बुडी मारताना आपण वरची हवा छातीत भरून खाली जातो. पाण्याच्या दाबानं ती आकसते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते. जेवढी नेली तेवढीच परत आणली, म्हणून काही बिघडत नाही. टाकीतून श्वास घेताना गणित उलटं फिरतं. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे 10 मीटरवर एकूण दाब दुप्पट आणि 20 मीटरवर तिप्पट. टाकीला जोडलेला, तोंडात धरायचा रेग्युलेटर त्या त्या खोलीच्या दाबाची हवा देतो, म्हणून खालीही छाती सहज भरते. आता 10 मीटरवर छातीभर हवा घेतली, दम धरला आणि तसेच वर आलात, तर तीच हवा पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. फुप्फुसाला इजा होते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, आणि ते मेंदूपर्यंत पोचले तर माणूस वर येताक्षणी बेशुद्ध पडू शकतो. याला फार खोल पाणी लागतं असंही नाही. दीड मीटर पाण्यातही हे होऊ शकतं.

आमचा इन्स्ट्रक्टर बंगाली होता, हिंदीत शिकवायचा. विहिरीत, नदीत पोहून आलेल्या मुलांना तो लगेच ओळखायचा. कुणाचे बुडबुडे थांबले की समोर येऊन तोंडापुढे हात फिरवायचा आणि वर आल्यावर सांगायचा, "साँस चलती रहनी चाहिए." तोंडातून रेग्युलेटर निघाला तरी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, ही सवय अंगात भिनवावी लागते. नुकतंच पोहायला शिकलेला माणूस हे पटकन उचलतो, कारण त्याला जुनं काही पुसायचं नसतं. आपल्याकडच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी मात्र हे मनात घट्ट धरूनच कोर्सला जावं.

मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी जे करतात तो चाखून बघण्याचा प्रकार. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो, हवा किती उरली ते तोच बघतो, वर-खाली तोच करतो. त्यात वाईट काही नाही, आवड कळते. पण हे सगळं स्वतःचं स्वतः, जोडीदाराबरोबर करता यावं असं वाटत असेल तर 'ओपन वॉटर डायव्हर' हा कोर्स करायचा. पाडी आणि एसएसआय या त्यातल्या मोठ्या संस्था. कोर्स झाल्यावर मिळणारं कार्ड जगात सगळीकडे चालतं आणि त्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं. वयाची किमान अट 10 वर्षं आहे. कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो: थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि खुल्या समुद्रातल्या चार डाइव्ह.

पोहण्याची परीक्षा ऐकून पुष्कळ जण घाबरतात. 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगून राहणं, एवढीच ती असते. वेळेची अट नाही, कसंही पोहा. बेळगावात गोवावेसच्या जलतरण तलावात महिनाभर रोज गेलं तरी जमतं. विहिरीत आपण काठाकाठानं पोहतो, सलग लांब पोहण्याची सवय राहत नाही, म्हणून तलावातला सराव कामाला येतो.

घरूनच उरकायची खरी गोष्ट म्हणजे वैद्यकीय अर्ज. त्यात दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण असे प्रश्न असतात. एकाही महत्त्वाच्या प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती बेटावर शोधत बसण्यापेक्षा इथं आपल्या डॉक्टरांकडून आणणं किती तरी सोपं. खोटं 'नाही' लिहू नका. तो अर्ज तुमच्या फुप्फुसांसाठी आहे. कानाचा त्रास ज्यांना आहे त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवूनच तिकीट काढावं. सर्दी असेल तर डाइव्ह करायचीच नाही. खाली जाताना नाक दाबून हळूच हवा ढकलून कान मोकळे करावे लागतात, तेही दुखायच्या आधी, दर मीटरला. सर्दीत नाकामागून कानाकडे जाणारी नळी बंद असते. औषध घेऊन नाक मोकळं केलं आणि खाली गेल्यावर औषधाचा अंमल उतरला तर वर येताना कान अडकतो, ते आणखी वाईट. आमच्याकडं डिसेंबरच्या थंडीत घराघरात नाकं वाहत असतात, म्हणून प्रवासात एखादा दिवस मोकळा ठेवा.

थिअरी बहुतेक वेळा इंग्रजीत वाचावी लागते. मराठी माध्यमात शिकलेल्यांना दाब, घनता, उत्प्लावन हे सगळं शाळेतच येऊन गेलेलं असतं, फक्त इंग्रजी नावं नवी. ती घरी निवांत वाचून जा. शेवटच्या परीक्षेत 50 प्रश्न असतात आणि 75 टक्के लागतात. तिथं गेल्यावर रात्री जागून वाचण्यात समुद्राचा दिवस खराब होतो.

जागेचं म्हणाल तर बेळगावकरांना पर्याय चांगले आहेत. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. मुरुडेश्वरपासून बोटीनं तासा-दीड तासावर नेत्राणी बेट आहे, पाणी मालवणपेक्षा पुष्कळदा स्वच्छ मिळतं. तिथं बेटावर राहता येत नाही, बोटीवरूनच सगळं. किनाऱ्यावरच्या या दोन्ही जागा पावसाळ्यात बंद असतात. अंदमान दूर पडतं, खर्चही जास्त येतो, पण शिकण्यासाठी मला तेच आवडलं. बेळगावहून बेंगळूर किंवा चेन्नई, तिथून श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, आणि पुढं फेरीबोटीनं स्वराज द्वीप, ज्याला अजूनही सगळे हॅवलॉक म्हणतात. पाणी 27 ते 30 अंश, त्यामुळं पातळ वेटसूट पुरतो. फाळणीनंतर आलेल्या बंगाली निर्वासितांनी वसवलेली गावं, त्यांना नंबरांवरून ओळखतात: तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. तिथं पहाट पाचलाच होते आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून बोटी सकाळी लवकर निघतात. आदल्या रात्री लवकर झोपा. बोट लागत असेल तर तेलकट नाश्ता टाळा, गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकच्या कामात आहे, त्यामुळं सामान हाताळताना मला घरच्यासारखं वाटलं. टाकी 200 बारला भरलेली असते (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब), गेज तोच, गळती रोखणारी रबरी ओ-रिंग तीच. आमच्या शॉपमध्ये कामगार विचारतात, "ऑक्सिजन किती वेळ पुरतो?" टाकीत ऑक्सिजन नसतो. गाळून, कोरडी करून दाबलेली साधी हवा असते. 12 लिटरच्या टाकीत 200 बारला सुमारे 2400 लिटर हवा मावते. मिनिटाला 20 लिटर लागतात असं धरलं तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल, 10 मीटरवर एक तास, 20 मीटरवर 40 मिनिटं. घाबरून भराभर श्वास घेतला की हे आकडे निम्मे होतात. गेज स्वतः बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. 50 बारपर्यंत पोचण्याआधी वर यायची तयारी झालेली हवी. ओ-रिंग चिरलेली दिसली किंवा फुसफुस ऐकू आली तर लाज न धरता सांगा, टाकी बदलून मिळते.

उथळ पाण्यातला सराव कंटाळवाणा वाटला तरी त्यातच खरं शिक्षण आहे. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकानं फुंकून बाहेर काढायचं. रेग्युलेटर काढून, हात मागून फिरवून परत शोधायचा. हवा संपल्याची खूण म्हणून तळहात गळ्यापुढून आडवा फिरवायचा आणि जोडीदाराच्या दुसऱ्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा. अंगठा वर म्हणजे 'वर जाऊया'. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करतात. मास्कचा सराव पुष्कळांना जड जातो, कारण नाकाला पाणी लागलं की जीव घाबरतो. घरी बादलीत तोंड बुडवून, नाक उघडं ठेवून फक्त तोंडानं नळीतून श्वास घेण्याचा सराव करा, निम्मी भीती तिथंच जाते.

आणि मग तरंगणं येतं. वजनाचा पट्टा आणि हवेचं जॅकेट नीट जुळलं की शरीर ना बुडत ना वर येत. थोडा श्वास घेतला की हातभर वर, सोडला की हातभर खाली. हात मारायचे नाहीत, पाय हळू. वाऱ्यावर पंख न हलवता थांबलेल्या घारीसारखं. हा क्षण आला तेव्हा मला जो आनंद झाला तो विहिरीतल्या कुठल्याच पैजेत झाला नव्हता. इतकी वर्षं पाण्याशी झटापट करून पुढं जायचं हेच पोहणं वाटत होतं.

त्यानंतर डोळे उघडतात. मास्कमधून सगळं चौथ्या हिश्श्यानं जवळ आणि तिसऱ्या हिश्श्यानं मोठं दिसतं. पाच-सहा मीटरखाली लाल रंग जवळजवळ जातो, टॉर्च लावला की तोच दगड एकदम पेटल्यासारखा लाल होतो. समुद्रफुलाच्या झुपक्यात क्लाउनफिश, दगडाच्या कपारीतून तोंड काढलेली ईल, प्रवाळ कुरतडणारे पॅरटफिश. त्यांच्या चावण्याचा कटकट आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, आणि त्यांनी खाऊन टाकलेलं प्रवाळ पांढरी वाळू होऊन बाहेर पडतं. कशालाही हात लावू नका. प्रवाळ जिवंत प्राणी आहे. अंदमानातलं प्रवाळ 2010 मध्ये समुद्र तापल्यानं मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं होतं, अजूनही काही जागी मेलेले सांगाडे दिसतात. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासतात. तुकडाही उचलून आणू नका.

आता आमच्या भागातल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. दाबाखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडायला हवा. म्हणून वर येताना सावकाश यायचं, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, आणि नंतर विमानात लगेच बसायचं नाही: एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर 18 तास. सहलीवाले सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा असं सगळं करून स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवतात. त्यांना सांगून ते आधी घ्या.

हाच नियम घाटालाही लागतो, हे किनाऱ्यावर कुणी सहसा सांगत नाही, कारण तिथले लोक समुद्रसपाटीलाच राहतात. स्कूबामध्ये 300 मीटरच्या वर 'उंची' सुरू होते. विमानाचे हे तास केबिनमधल्या ज्या दाबासाठी ठरवले आहेत तो सुमारे 600 ते 2400 मीटर उंचीचा आहे, आणि बेळगाव साधारण 750 मीटरवर आहे. आंबोली आणि चोर्ला चढताना आपण त्याच उंचीला जातो. सकाळी मालवणला पाणी, दुपारी मासे-भात, संध्याकाळी आंबोली चढून रात्री घरी, हा आपला नेहमीचा रविवार. पाच-सहा मीटरच्या चाखून बघण्याला त्यात धोका कमी आहे. पण नेत्राणीला दोन खोल डाइव्ह करून लगेच अरबैल घाट चढू नका. रात्र खाली काढा, दुसऱ्या दिवशी तास मोजून निघा. सांधे दुखणं, अंगाला मुंग्या, विचित्र थकवा, चक्कर असं काही वाटलं तर ते प्रवासाचं समजून झोपू नका, डॉक्टरांना डाइव्ह केल्याचं सांगा.

ज्या पोरांना यात नोकरी करायची आहे त्यांच्यासाठी थोडं. ओपन वॉटरनंतर ॲडव्हान्स्ड, मग प्रथमोपचारासह रेस्क्यू, मग डाइव्हमास्टर, ही नोकरीची पहिली पायरी. पाडीमध्ये त्याला 18 वर्षं वय आणि सुरुवातीलाच 40 नोंदलेल्या डाइव्ह लागतात, पूर्ण करताना 60. इन्स्ट्रक्टरसाठी 100. लॉगबुक पहिल्या दिवसापासून नीट भरा. काम हंगामी आहे आणि अंगमेहनतीचं: टाक्या उचलणं, सूट धुणं, कॉम्प्रेसर बघणं. धरणाच्या दारांची किंवा तेलाच्या फलाटावरची पाणबुड्याची कामं वेगळी, त्यांचं प्रशिक्षण वेगळं असतं, हे कार्ड तिथं चालत नाही. पण आपल्या मुलांकडं दोन गोष्टी आहेत. मराठी, कन्नड, हिंदी सहज बोलतात, आणि नेत्राणी, मालवण, गोव्याला येणारं गिऱ्हाईक याच भाषांचं असतं. घाबरलेल्या माणसाला त्याच्या भाषेत समजावणं हे या कामात फार मोलाचं आहे. शिवाय आयटीआय करून उद्यमबागेत दोन वर्षं काढलेला मुलगा कॉम्प्रेसर आणि बोटीचं इंजिन उघडू शकतो.

अंदमानात पाणी चांगलं मिळतं ते डिसेंबर ते एप्रिल. पोहणं, डॉक्टरांची सही आणि थिअरी ही तिन्ही कामं दिवाळीआधी हातावेगळी करा आणि फेरीबोटीचं तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा.