कंबरदुखी आणि ‘नॉर्मल’ एक्स-रे

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ओपीडीत नव्याने बसणाऱ्यांसाठी लिहितोय. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी, थायरॉइड यांचे कॅन्सर हाडात जातात हे तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो: असा कॅन्सर मणक्यात पोचलेला असतानाही एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो.

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणाऱ्यांत कंबर न दुखणारा माणूस सापडणं कठीण. त्यामुळे “कंबर भलती दुखस, रातले झोप नही” असं आजी सांगते तेव्हा पहिला अर्धा भाग ऐकला जातो, दुसरा राहतो. एक्स-रे नॉर्मल येतो. मग गोळ्या, पट्टा आणि ‘पंधरा दिवसांनी या’. त्या ‘नॉर्मल’ची मला आजही धास्ती वाटते.

कारण नीट समजून घ्या. पसरलेल्या कॅन्सरची गाठ आधी हाडाच्या आतल्या मज्जेत वाढते. हाडातलं साधारण 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेवर खड्डा दिसतच नाही. म्हणजे फिल्म स्वच्छ असताना मणका आतून पोखरलेला असू शकतो. एमआरआयमध्ये मज्जेतला बदल आधी दिसतो, आणि तो पूर्ण मणक्याचाच करा, कारण गाठी अनेकदा एकाहून जास्त ठिकाणी असतात. बोन स्कॅनवरही डोळे झाकून विसंबू नका. तो हाड नव्याने बनतंय तिथे उजळतो, मायलोमा (मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) त्यातून बऱ्याचदा सुटतो.

आडवं पडल्यावर दुखणं वाढतं का, हे विचारा. पूर्वी छातीतली गाठ काढली होती का, हे बाईला नातेवाइकांना बाहेर बसवून विचारा. मणक्यावर बोटाने ठोकून बघा. फिल्मआधी पेशंटला हात लावायला शिकवणारे सर मिळाले तर त्यांना सोडू नका.

पाय जड झाले, लघवी अडली, म्हणजे गाठ मज्जारज्जूवर दाबत असू शकते, तर त्याच दिवशी डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड), एमआरआय, आणि रेडिएशनवाल्यांना व स्पाइन सर्जनला फोन. ‘सोमवारी बघू’ चालणार नाही! उपचार सुरू होताना चालत असलेला पेशंट बहुधा चालत राहतो, पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं अवघड असतं.

मणका खराब दिसला की तो टीबीच समजून बायोप्सीशिवाय टीबीची औषधं सुरू करण्याचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. टीबीत सहसा दोन मणक्यांमधली डिस्क (गादी) खराब होते, कॅन्सरमध्ये ती बरीचशी वाचते, पण तेवढ्यावर निदान ठरत नाही. मांडीच्या हाडात एकच गाठ असेल तर रॉड घालण्याआधी बायोप्सी कराच. तो मूळ हाडाचाच कॅन्सर, म्हणजे सार्कोमा निघाला तर रॉडने तो अख्ख्या हाडात पसरतो.

घाबरून जाऊ नका, करण्यासारखं खूप आहे. दुखणं कमी करायला 8 ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोस दहा दिवसांच्या रेडिएशनइतकाच उपयोगी ठरतो. पुन्हा द्यावं लागण्याची शक्यता जास्त, पण धडगावहून येणाऱ्याचे हेलपाटे वाचतात. आराम पडायला काही आठवडे लागू शकतात, तोवर मॉर्फिन देताना हात आखडू नका. स्तन आणि प्रोस्टेटचे कितीतरी पेशंट हाडात पसरल्यावरही काही वर्षं काढतात, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

तहान, बद्धकोष्ठ, बरळणं दिसलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलंय का तपासा. हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड नियमित सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि दात बघा. किडलेला दात आधीच काढून घ्या, नंतर काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. आपल्याकडच्या तंबाखू खाणाऱ्या तोंडांत असे दात भरपूर सापडतात.