ब्रिटलबुश: ओळख पटवणं आणि नाव बिनचूक लिहिणं

ॲरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया आणि वायव्य मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात ब्रिटलबुश (शास्त्रीय नाव एन्सेलिया फॅरिनोसा) हे झुडूप सर्रास दिसतं. उंची साधारण 30 ते 150 सें.मी., कुल सूर्यफुलाचं. ओळखताना पानावर विसंबलात तर फसाल. कोरड्या दिवसांत पानं दाट पांढऱ्या लवेने रुपेरी होतात, पावसानंतर येणारी नवी पानं मोठी आणि हिरवट असतात. एकच झुडूप दोन जातींचं वाटू लागतं!

आधी देठ पाहा. ब्रिटलबुशचे फुलांचे देठ पानांच्या वर जातात, गुळगुळीत असतात आणि त्यांना फाटे फुटतात. एन्सेलिया ॲक्टोनाय या भावंडात एका देठावर एकच फूल येतं.

मग ते 'फूल' ब्लेडने उभं चिरून 10 पट भिंगाखाली धरा. ते खरं तर अनेक पुष्पकांचा, म्हणजे इवल्या फुलांचा, स्तबक (गुच्छ) आहे. कडेची पिवळी, जिभेसारखी पुष्पकं वांझ; बी धरतात ती मधली, आणि त्यातल्या प्रत्येकाला एक खवला बिलगलेला असतो. फळ चपटं, कडांना लांब केस, टोकाला खाच. एवढं जुळलं तर प्रजाती (जवळच्या जातींचा गट, जीनस) एन्सेलिया. कडेची पुष्पकं मुळीच नसली तर एन्सेलिया फ्रूटेसेन्स पडताळून पाहा. दोन्हींची लक्षणं मिसळलेली दिसली तर संकर असू शकतो. या प्रजातीत तो नवलाचा नाही.

मधल्या बिंबाचा, म्हणजे मधल्या पुष्पकांच्या चकतीचा, रंग ताज्या फुलावरच टिपून ठेवा. पिवळा असेल तर फॅरिनोसा हा प्रकार, तपकिरी-जांभळा असेल तर फेनिकोडोंटा.

लेबलवर नाव रोमन लिपीत लिहा. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं आणि जातीचं लहान हा नियम देवनागरीत दाखवताच येत नाही. नाव देणाऱ्यांसह पूर्ण नाव 'एन्सेलिया फॅरिनोसा ए. ग्रे एक्स टॉर.' (Encelia farinosa A. Gray ex Torr.). फॅरिनोसा म्हणजे पीठ भुरभुरल्यासारखी. सर्वाधिक चुका 'एक्स'पाशी होतात. नाव वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांचं, पण 1848 मध्ये ते रीतसर प्रसिद्ध केलं जॉन टॉरी यांनी. आटोपशीर लिहायचं तर ग्रे गाळता येतात, टॉरी नाही. फ्रूटेसेन्सपुढे ग्रे दोनदा येतात, एकदा कंसात: त्यांनी ती आधी सिम्सिया प्रजातीत ठेवली होती, नंतर स्वतःच इकडे हलवली. कंस विसरलात तर हा इतिहास पुसला जातो. आणि पिवळ्या बिंबाच्या प्रकारात 'फॅरिनोसा' दुसऱ्यांदा, म्हणजे प्रकाराचं नाव म्हणून, लिहाल, तेव्हा त्यापुढे कुणाचंच नाव लावायचं नाही.