अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराने ग्रीन कार्डसाठी अर्ज कसा करावा

जोडीदाराकडे अमेरिकेचे नागरिकत्व असेल, तर ग्रीन कार्डसाठी, म्हणजे अमेरिकेतील कायम वास्तव्यासाठी, लागणाऱ्या स्थलांतर व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा लागू होत नाही. तरीही प्रकरणे अडतात, आणि बहुतेक वेळा ती कागदपत्रांतील नावांमुळे अडतात. म्हणून अर्जाला हात लावण्यापूर्वी सगळे दाखले एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून वधूचे नाव बदलण्याची प्रथा अनेक घरांत आहे. त्यामुळे जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि विवाह प्रमाणपत्रावर तिसरेच, असे घडते. नाव बदलले असल्यास राजपत्रातील नोंद जोडावी. जुन्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोरा असतो. तो नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधीच भरून घ्यावा. लग्नपत्रिका आणि फोटो हा कायदेशीर पुरावा नव्हे, निबंधकाकडून मिळालेले विवाह नोंदणी प्रमाणपत्रच लागते. मराठी दाखल्यासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावे.

त्यानंतर नागरिक असलेल्या जोडीदाराने आय-१३० हा नाते सिद्ध करण्याचा अर्ज अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे दाखल करावा. लग्न खरे आहे हे येथेच दाखवायचे असते: एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटे, संयुक्त बँक खाते, दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे फोटो. फोटोमागे तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहिल्यास तपासणाऱ्याला नाते चटकन समजते.

अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे शुल्क भरून डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज आणि आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यावे लागते. हमी देणाऱ्याचे उत्पन्न सर्वसाधारणपणे त्याच्या कुटुंबसंख्येसाठी ठरलेल्या अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते, आणि त्या संख्येत तुम्हीही धरले जाता. ते कमी पडल्यास सहहमीदार घेता येतो. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून घ्यावा. वयाच्या सोळा वर्षांनंतर अमेरिका सोडून इतर कोणत्याही देशात १२ महिने किंवा अधिक राहिला असाल, तर तेथलाही लागतो.

मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत होते. त्याआधी वकिलातीने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मुलाखतीत पहिली भेट, लग्नाचा दिवस, जोडीदाराची नोकरी असे साधे प्रश्न विचारतात; पाठ केलेली उत्तरे देऊ नयेत, जे घडले तेच सांगावे.

अमेरिकेत प्रवेश करतेवेळी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचे, अटींसह मिळते. अशा वेळी कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अटी काढून टाकण्यासाठी आय-७५१ हा अर्ज करणे आवश्यक आहे, तेव्हा कार्ड हाती पडताच ही मुदत दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, आणि भाडेकरार, विमा, करविवरणपत्रे असे दोघांच्या नावाचे कागद पहिल्या महिन्यापासूनच एका फाइलमध्ये जमा करीत जावे.