गावातल्या जुन्या बाजारपेठेच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

आपल्या गावाच्या मुख्य रस्त्यावरची जुनी दुकाने आणि कचेऱ्या आठवून लिहायला बसलेला माणूस बहुधा यादीपासून सुरुवात करतो, आणि दहा-बारा नावे झाली की ती यादी अडते. यात आठवणींचा तुटवडा नसतो, सुरुवात चुकलेली असते. बाजारपेठ मनात साठते ती चालण्याच्या क्रमाने, म्हणून कोणते दुकान होते यापेक्षा कोणाच्या शेजारी काय होते, हा प्रश्न आधी घ्यावा. ही युक्ती फार जुनी आहे. मेजवानीच्या दालनाचे छत कोसळून ओळखू न येण्याइतकी छिन्नविच्छिन्न झालेली प्रेते, कोण कोठे बसले होते हे आठवून ग्रीक कवी सिमोनिडीसने ओळखून दिली, अशी कथा प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो याने सांगितली आहे. जागा आठवली की माणूस आठवतो, हे दुकानांच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

एक लांब कागद आडवा घेऊन त्यावर रस्त्याच्या दोन समांतर रेघा ओढाव्यात. आजही जागेवर असलेली एखादी खूण, म्हणजे चौक, पूल, मोठे झाड किंवा जुनी दगडी इमारत, प्रथम मांडावी आणि तेथून एकाच बाजूने चौकोन काढत पुढे जावे. नाव आठवले नाही तरी चौकोन काढावाच. रिकामा चौकोन ही उणीव नसून पुढच्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे. दुसरी बाजू परतीच्या वाटेने भरावी, कारण उलट चालताना वेगळ्या गोष्टी दिसतात.

नकाशा कोणत्या वर्षाचा आहे हे आधी ठरवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एकाच जागी आधी शिंपी, मग पुस्तकविक्रेता आणि पुढे बँक आली असेल, तर तिन्ही एकाच कागदावर कोंबल्याने कधीच अस्तित्वात नसलेला रस्ता तयार होतो. वर्ष आठवत नसेल तर आपण तेव्हा कोणत्या इयत्तेत होतो, कोणत्या घरात राहत होतो, यावरून ते काढता येते. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना साधारण 10 ते 30 या वयातल्या घटना इतर काळापेक्षा अधिक आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. म्हणून ज्याची मुलाखत घ्यायची त्याच्या वयाची ही वर्षे काढून त्याच काळाचा कोरा नकाशा सोबत न्यावा.

मुलाखतीत प्रश्न हाताला आणि पायाला विचारावेत. एका वृद्ध गृहस्थांना मी त्यांच्या तरुणपणच्या टपाल कचेरीबद्दल विचारत होतो आणि तिच्या शेजारचा चौकोन अर्धा तास रिकामाच होता. शेवटी, तुम्ही आत कसे शिरत होता, एवढेच विचारले. त्यांनी कागदावर बोट ठेवले आणि म्हणाले, "इथे तीन पायऱ्या होत्या, मधली तुटलेली. पावसात तिथे पाणी साचायचे, म्हणून आम्ही घड्याळवाल्याच्या फरशीवरून वळसा घ्यायचो." तो घड्याळवाला म्हणजेच आमचा रिकामा चौकोन होता.

दुकानांपेक्षा कचेऱ्या आठवणे अवघड जाते, कारण बहुतेकांनी त्या फक्त खिडकीच्या बाहेरून पाहिलेल्या असतात. तेथे कामाचा माग काढावा: अर्ज कोठे मिळत असे, कोणत्या खिडकीत द्यावा लागे, शिक्का कोण मारी, थांबायला बाक होता की भिंतीला टेकून उभे राहावे लागे. तेथे नोकरी केलेले कोणी भेटले तर इमारतीच्या इतिहासात न शिरता त्यांचा एक सामान्य दिवस कुलूप उघडण्यापासून सांगायला लावावा. टाइपरायटरचा आवाज आणि फायलींचे कपाट त्यातूनच येते.

प्रश्नाची शब्दरचना मात्र जपावी लागते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली होती. ज्यांना गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या अशा अर्थाच्या शब्दात वेग विचारला, त्यांच्यापैकी 32 टक्के लोकांनी आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिल्याचे सांगितले. नुसत्या धडकल्या असे विचारलेल्यांत हे प्रमाण 14 टक्के होते. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. म्हणून पाटी हिरवी होती ना, असे कधीही विचारू नये. पाटी कशी होती, एवढे विचारून गप्प राहावे. त्याच कारणाने दोन जाणकारांना आधी वेगवेगळे भेटावे आणि मग एकत्र बसवावे. दोघांचे म्हणणे जुळले नाही तर दोन्ही लिहावे, आणि स्वतः पाहिलेले, ऐकलेले व तर्काने काढलेले यांना नकाशावर वेगळ्या खुणा द्याव्यात.

मग कागद आणि छायाचित्रे. घरगुती छायाचित्रात पाठीमागे अर्धवट दिसणारी पाटी पुष्कळदा समोरच्या माणसांइतकीच बोलकी असते, म्हणून कडा कापू नयेत. 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके घेऊन, स्कॅन केल्यास 4 बाय 6 इंचांच्या छायाचित्राची 3600 बाय 2400 पिक्सेलची प्रत मिळते आणि तेवढ्यात पाटीवरची अक्षरे बरेचदा वाचता येतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवलेले छायाचित्र आकुंचित होते, तेव्हा ते डॉक्युमेंट म्हणून मागवावे. मागच्या बाजूला लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला आणि न दाबता लिहावे. दुकानांच्या पावत्यांपैकी गुळगुळीत थर्मल कागदावरच्या पावत्या सर्वांत आधी स्कॅन कराव्यात, कारण उष्णतेने तो कागद काळवंडतो आणि उजेडाने अक्षरे उडतात. काही देशांत विमा कंपन्यांसाठी आगीच्या धोक्याचे नकाशे काढले गेले. अमेरिकेतले सॅनबोर्न नकाशे 1867 पासूनचे असून त्यांत इमारतीचे मजले आणि बांधकामाचे साहित्यही दाखवलेले असते. असा नकाशा किंवा व्यापाऱ्यांची छापील सूची मिळाली तर ती मुलाखतींनंतर उघडावी, आधी नव्हे. नाहीतर आपण आठवण विचारत नाही, सूची वदवून घेतो.

ध्वनिमुद्रण वेव्ह (WAV) या आकुंचित न केलेल्या फाइलच्या स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर ठेवावे. एका मायक्रोफोनच्या तासाभराला सुमारे अर्धा जीबी जागा लागते. प्रसिद्ध करण्याची परवानगी मुलाखतीच्या दिवशीच, शक्यतो लेखी, घ्यावी. कोणाचे दुकान कर्जापायी बुडाले, कोणत्या भावांत वाटणी झाली, हे ओघात येतेच, आणि त्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते छापणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

नकाशा भरत आला की त्याची मोठी प्रत काढून ती आणि एक पेन्सिल त्याच माणसांसमोर ठेवावी. खोडाखोड झालेली ती प्रत तारीख घालून मूळ नकाशासोबतच जपावी आणि पुढची प्रत तिच्यावरून काढावी.