आर्क्टिकची कुत्र्यांची स्लेज वर्गात आणताय? मग या चुका टाळा

कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची, शर्यत पहिल्यांदा इंटरनेटवरून वर्गात दाखवली तेव्हा मी सातवीच्या मुलांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की उद्या आपण बर्फात पळणारी कुत्री लाइव्ह बघणार, आणि दुसऱ्या दिवशी काय तर पडद्यावर नकाशा, नकाशावर स्लेज कुठे आहे ते दाखवणारा एक ठिपका, आणि तो ठिपका पूर्ण तासभर जागचा हलेना. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, कुत्री मेली का?" मी रिफ्रेश मारत बसले, नेटला शिव्या घातल्या, शेवटी बेल झाली.

नेट व्यवस्थित होतं. मीच वाचून गेले नव्हते. आम्ही बघत होतो ती अलास्कातली इडिटारॉड शर्यत, १९७३ पासून चालू आहे, साधारण १,६०० किलोमीटर. तिच्यात प्रत्येक स्पर्धकाला एकदा सलग २४ तास आणि दोनदा ८-८ तास थांबावंच लागतं, नियमच आहे. शिवाय मशर, म्हणजे स्लेज हाकणारा माणूस, बऱ्याचदा मुद्दाम दुपारी थांबतो आणि रात्री पळवतो कारण एवढ्या जाड केसांच्या कुत्र्यांना उन्हात चक्क उकडतं. म्हणजे ठिपका थांबला तर काही बिघडलंय असं धरून चालू नका, आधी विश्रांती चालू आहे का ते बघा. आता मी ठिपक्याच्या वेळा मुलांना वहीत उतरवायला लावते, किती तास पळाले, किती थांबले, सरासरी वेग थांबा धरून किती आणि न धरता किती. सातवीच्या गणिताचा दुसरा एवढा चांगला तास मला तरी माहीत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "लाइव्ह"चा हट्ट. ज्यांनी हा प्रकार नीट उभा केला त्यांनीसुद्धा तो लाइव्हवर उभा केला नव्हता. तेव्हा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात असलेले आरन डोरिंग यांनी याला ॲडव्हेंचर लर्निंग असं नाव दिलं. २००४ ची आर्क्टिक ट्रान्सेक्ट मोहीम कॅनडाच्या नुनावुतमधून गेली, मग २००६ पासून गोनॉर्थ नावाची मालिका, अलास्का, रशियातलं चुकोत्का, स्कँडिनेव्हियाचा उत्तर भाग, पुन्हा नुनावुत, ग्रीनलंड. तंबूत बसून लिहिलेला मजकूर, फोटो, आवाज वर पाठवायचे आणि शाळांनी आधीच तयार असलेल्या धड्यांसोबत ते वापरायचे. धडा आधी तयार, मोहीम त्यात भर घालते. आपण नेमकं उलटं करतो, मोहिमेची लिंक उघडतो आणि धडा आपोआप होईल म्हणून वाट बघतो.

आणि मोहिमेवरून मजकूर-फोटो यायला उशीर का होतो हे मुलांना सांगाच, कारण त्यातच भूगोल आहे. आपल्या गच्चीवरची टीव्हीची डिश आठवा, चांगली आभाळाकडे तोंड करून असते, कारण तो उपग्रह विषुववृत्तावर साधारण ३६,००० किलोमीटर उंचीवर एका जागी थांबल्यासारखा असतो. तीच डिश उत्तर ग्रीनलंडला नेली तर ती जवळपास क्षितिजाकडे बघेल, आणि साधारण ८१ अंश अक्षांशाच्या पुढे तो उपग्रह दिसतच नाही, पृथ्वीचा गोलावाच आड येतो. म्हणून मोहिमांनी इरिडियम कंपनीचे उपग्रह फोन वापरले, ज्यांचे ६६ उपग्रह ध्रुवांवरून फिरत राहतात. पण जुन्या इरिडियम फोनवर डेटाचा वेग सेकंदाला २,४०० बिट. मुलांना सांगा, १ एमबीचा फोटो जायला किती वेळ लागेल काढा. उत्तर जवळजवळ ५५ मिनिटं येतं, तेही लाइन मध्येच तुटली नाही तर. त्यानंतर "मॅडम फोटो आला का" हा प्रश्न बंद होतो.

वेळेचा घोळ. पुणे आणि अलास्का यांच्यात हिवाळ्यात साडेचौदा तासांचा फरक असतो आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे सरकली की साडेतेरा होतो, आणि इडिटारॉड मार्चच्या पहिल्या शनिवारी सुरू होते, म्हणजे हा बदल बहुतेकदा शर्यत चालू असतानाच पडतो! आपले सकाळचे ११ म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे रात्री साडेआठ, आणि बदल झाला की साडेनऊ. कुणाशी बोलायचं ठरवलं असेल तर वेळ दोन्हीकडची लिहून ठेवा, तारखेसकट. अजून एक, शनिवारचा अलास्कातल्या अँकरेज शहरातला कार्यक्रम नुसता समारंभाचा असतो, तिथली वेळ शर्यतीत धरत नाहीत, मुलं त्यावरून पहिला-दुसरा लावत बसतात. आणि अर्थात मार्च-एप्रिल म्हणजे आपल्याकडे परीक्षा, त्यामुळे बऱ्याच मोहिमा नेमक्या आपल्याला नको त्या वेळी असतात. यावर माझा उपाय सोपा आहे, झालेल्या मोहिमेची नोंद जपून ठेवायची आणि जुलैत रोज एक दिवस याप्रमाणे उलगडायची. मुलांना शेवट माहीत नसतो, मग शिळं कुठलं?

कुत्र्यांवरच अडकून पडणं ही पण चूकच. कुत्री मुलांना ओढून आणतात, मान्य, पण तीन आठवड्यांनी वहीत "कित्ती गोड" याच्या पुढे काही नसेल तर काय उपयोग. शर्यतीतल्या एका कुत्र्याला दिवसाला १०,००० कॅलरीपर्यंत लागू शकतात, मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट, तिथून आहार, उष्णता, चरबी सगळं शिकवता येतं. आणि कुणीतरी विचारणारच की त्यांना त्रास होत नाही का. हा प्रश्न कृपया टाळू नका. २०२४ च्या इडिटारॉडमध्ये तीन कुत्री मेली, प्राणीहक्कवाले या शर्यतीला वर्षानुवर्षं विरोध करतायत, आणि दुसरीकडे पळायला मिळालं नाही तर हीच कुत्री जागच्या जागी उड्या मारून ओरडतात. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवरून काय झालं ते मुलांना घरून माहीत असतं. वाद होऊ दे, तुम्ही फक्त आरडाओरडा आवरा.

आता ज्यावर मी खरंच चिडते ते. चार्टपेपरवर इग्लू, शेजारी पेंग्विन, खाली "एस्किमो". पेंग्विन दक्षिण गोलार्धात असतात हे एका वाक्यात होतं, पण एस्किमो शब्द कॅनडात आणि ग्रीनलंडमध्ये अपमानाचा मानला जातो, तिथले लोक स्वतःला इनुइट म्हणतात, एक माणूस असेल तर इनुक. स्लेजला त्यांच्याकडे कामुटिक म्हणतात, कुत्र्याला किम्मिक. आणि कुत्रं म्हणजे तिथे साहसाची गंमत नव्हती, शिकार, प्रवास, पोट सगळं त्याच्यावर होतं. १९५० ते १९७० च्या दशकांत कॅनडाच्या पूर्व आर्क्टिकमध्ये लोकांना वस्त्यांमध्ये आणलं गेलं आणि त्या काळात पोलिसांनी त्यांची कुत्री गोळ्या घालून मारली, तिथल्या इनुइटांच्या किकिकतानी ट्रूथ कमिशन या चौकशी आयोगाने याच्या साक्षी गोळा केल्या, कॅनडा सरकारने २०१९ मध्ये माफी मागितली. हे न सांगता स्लेजवर तीन आठवडे घालवणं मला बरोबर वाटत नाही. आठवीच्या मुलांना हे कळतं, उगाच घाबरू नका.

तो २०१९ चा फोटो तुम्ही पाहिला असेलच, कुत्री निळ्याशार पाण्यावरून चालतायत असं वाटतं. व्हॉट्सॲपवर "बर्फ संपला, कुत्री समुद्रात" असं लिहून फिरतो. डेन्मार्कच्या हवामान संस्थेचे स्टेफेन ओल्सेन यांनी तो १३ जूनला वायव्य ग्रीनलंडमध्ये कानाकजवळ काढला. समुद्रावरचा बर्फ खाली शाबूत होता, वरचा थर झपाट्याने वितळला आणि बर्फाला भेगा कमी असल्यामुळे पाणी खाली न जाता वरच साचलं. हवामानबदलाशी त्याचा संबंध आहेच, पण मुलांना अर्धवट गोष्ट दिली तर पुढच्या वर्षी ती कुणीतरी खोडून काढेल आणि मग मुलांचा तुमच्यावर विश्वास राहणार नाही.

भारताचं आर्क्टिकमधलं संशोधन केंद्र हिमाद्री, २००८ पासून, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ऑलेसुंद या गावात आहे, आणि ते गोव्यातल्या वास्कोच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेमार्फत चालतं. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन-साडेचार तासच मागे, म्हणजे बोलणं जमलं तर अलास्कापेक्षा कितीतरी सोयीचं. पण तिथे कुणी मोबाइल हातात धरून बर्फातून व्हिडिओ कॉल करेल ही अपेक्षा ठेवू नका. त्या गावात वायफाय आणि ब्लूटूथला बंदी आहे, कारण तिथल्या अँटेना अंतराळातून येणारे अगदी क्षीण रेडिओ सिग्नल टिपतात. इंटरनेट तारेने येतं, खोलीत बसून.

मोहिमेवरच्या लोकांना प्रश्न पाठवताना चाळीस मुलांचे चाळीस पाठवू नका, त्यातले तीस एकच असतात. वर्गात मतदान घेऊन पाच निवडा आणि ज्याचं उत्तर शोधून दोन मिनिटांत मिळतं तो काढून टाका. एक प्रश्न मात्र दरवर्षी पहिला येतो आणि त्याचं उत्तर मी आता स्वतःच देते: कुत्री शी पळता पळताच करतात, मशर थांबत नाही, आणि हो, मागे तोच उभा असतो.