नांगरटीत लागलेला पाटा कसा ओळखावा

तापी-गिरणेच्या काठी, विशेषतः प्रकाशे, बहाळ यांसारख्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातल्या) वस्त्यांच्या परिसरात, नांगराच्या फाळाला काळा दगड लागला, तर तो धान्य दळण्याचा प्राचीन पाटा असू शकतो; उचलण्याआधी तो जागेवरच पाहावा. फिरते जाते बरेच नंतरचे. त्याआधी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वरचा दगड पुढे-मागे रेटत धान्य दळत, त्यामुळे खालचा दगड, म्हणजे पाटा, मध्ये खोगिरासारखा दबत जाई. बोटाने चाचपावे: नदीतला गोटा सगळीकडून गुळगुळीत लागतो, पाटा मात्र बहुधा एकाच अंगाला, आणि तिरप्या उन्हात त्यावर लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे दिसू शकतात. दगड धुऊ नये, कारण खाचांत धान्याचे स्टार्चकण (पिठातले सूक्ष्म कण) टिकलेले असू शकतात. चटणीसाठी घरी नेण्याचा मोह तर नकोच. फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवावे.