बिनखिडकीच्या बाथरूममधली बुरशी: घासण्याआधी हवेकडे बघा

पावसाळ्यात टाइल्सच्या फटी काळ्या पडल्या की ब्लीच आणायचं, जीव खाऊन घासायचं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. बुरशी मळामुळे टिकत नाही, भिंत तासन्‌तास ओली राहते म्हणून टिकते. भिंत वाळत नसेल तर कुठलंही क्लीनर फक्त काही दिवसांची उसंत देतं.

आधी गळती तपासा. बाथरूम दोन दिवस न वापरताही एकाच जागचा डाग ओला राहिला तर ते पाणी पाइपातून किंवा वरच्या मजल्यावरून येतंय. तिथे प्लंबरच हवा.

सफाई सोपी आहे. साबणाचा थर आधी धुवून काढा, नाहीतर ब्लीच त्या मळातच खर्ची पडतं. मग रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, दार उघडं व फॅन चालू ठेवून, 1 भाग घरगुती ब्लीच आणि 10 भाग पाणी फटींना लावा. पंधरा मिनिटांनी ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा.

ब्लीचसोबत टॉयलेट क्लीनर किंवा टाइल्सचं ॲसिड कधीही वापरू नका. दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. शिवाय ॲसिड टाइल्सच्या फटींत भरलेलं सिमेंटचं ग्राउट खातं. ते खडबडीत झालं की पाणी जास्त धरतं आणि बुरशी आणखी फोफावते. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करण्याचा सल्लाही सोडून द्या. दोघं एकमेकांना निकामी करतात, उरतो तो फेस.

आता खरं काम. पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये जेमतेम 8 घनमीटर हवा असते. सहा इंची एक्झॉस्ट फॅनला ती काही मिनिटांत बदलता यायला हवी. तरीही फॅन असलेल्या बाथरूममध्ये बुरशी येते, कारण आत येणाऱ्या हवेला वाटच नसते. दार घट्ट बसलं की फॅन नुसता घरघरतो. पारखायला टिश्यू पेपरचा एक पदर पुरतो. फॅन चालू करून, दार बंद करून तो फॅनच्या जाळीला लावा, मग दार उघडं ठेवून कागद पुन्हा लावून बघा. उघड्या दारात कागद चिकटतो आणि बंद दारात गळून पडतो? मग मोठा फॅन घेऊन पैसे घालवू नका, दाराखाली फट करा.

सहा इंची फॅनचं तोंड सुमारे 180 चौरस सेंटिमीटर भरतं. अडीच फुटी, म्हणजे 75 सेंटिमीटर रुंद दाराखाली दोन ते अडीच सेंटिमीटर फट ठेवली की हिशोब जवळपास जुळतो. ही फट उंबऱ्याच्या वर मोकळी दिसली पाहिजे. पायपुसणं सरकून ती बुजली तर सगळं व्यर्थ. लाकडी दार सुतार खालून तासून देतो. पीव्हीसीचं दार पोकळ असतं, ते कापू नका. खालच्या भागात जाळी बसवून घ्या.

दार उघडूनही कागद टिकत नसेल तर फॅनच्या मागे बघा. पाइप चेपलेला असतो, किंवा फॉल्स सीलिंगच्या वरच संपलेला असतो. तसं असेल तर वाफ छतावर साचते आणि बुरशी वरून उतरते. पाइप थेट डक्टपर्यंत, म्हणजे इमारतीतल्या हवेच्या उभ्या पोकळीपर्यंत गेलाच पाहिजे आणि तोंडाशी आपोआप मिटणारी झडप हवी, नाहीतर इतर मजल्यांवरची दमट हवा उलटी आत येते.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर बाकी सगळं नंतर. तो आधी बाहेर काढा. बिनखिडकीच्या खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो आणि त्या वायूला वास नसतो.

आंघोळीनंतर वायपरने भिंतींवरचं पाणी खाली ओढा आणि फॅन अर्धा तास चालू ठेवा. ओले टॉवेल आत वाळत घालू नका.

सांध्यांवरच्या सिलिकॉनच्या पट्टीत काळेपणा आतवर गेला असेल तर ब्लीचमध्ये भिजवलेल्या कापसाच्या वाती तिच्यावर रात्रभर ठेवा. सकाळीही काळी दिसली तर पट्टी ब्लेडने पूर्ण काढा, जागा कोरडी करा आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा. संगमरवर किंवा कडप्पा असेल तर न्यूट्रल प्रकारचंच घ्या. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन त्या दगडावर डाग पाडतं. भरल्यावर 24 तास तिथे पाणी लागू देऊ नका.